उद्या चार वाजता, पाण्याकाठी

मयताच्या घरात एक माणूस लागतो. रडू त्यालाही येत असते, पण ते तो मागे ठेवतो. कोणाला कळवायचे राहिले, कोणाची वाट बघायची, किती वाजता न्यायचे, कोणत्या रस्त्याने न्यायचे, हे तो विचारतो आणि ठरवतो. समाचाराला येणारे पुष्कळ असतात. त्यांचे शब्द दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. या माणसाला मात्र ते घर जन्मभर विसरत नाही. गांधीजींची हत्या झाली त्या, ३० जानेवारी १९४८ च्या, संध्याकाळी हे काम जवाहरलाल नेहरूंच्या वाट्याला आले. घर अवघ्या देशाचे होते, आणि ते स्वतःही त्याच घरातले होते.

त्या संध्याकाळी दिल्लीच्या रेडिओवरून नेहरू जे बोलले, त्यातले पहिले वाक्य जगाला पाठ आहे. आपल्या आयुष्यातला प्रकाश गेला, सगळीकडे अंधार आहे. उतारे छापले जातात ते बहुधा तेवढेच. मला त्या भाषणाचा उत्तरार्ध तितकाच मोलाचा वाटतो. त्यात वेळ आहे, रस्ता आहे, नदी आहे. शोकाच्या भाषणात साडेअकरा आणि चार असे आकडे कशाला हवेत, असे कोणाला वाटेल. पण देशाला धीर आला तो त्या आकड्यांनीही आला, असे मला ते पुन्हा पुन्हा ऐकताना वाटत राहिले आहे.

तो शुक्रवार होता. गांधीजींच्या मुक्कामी, बिर्ला हाउसमध्ये, दुपारी चारच्या सुमाराला सरदार पटेल मुलगी मणिबेनसह त्यांना भेटायला आले. नेहरू आणि पटेल यांच्यातले मतभेद तेव्हा फार वाढले होते. दोघांपैकी एकाने मंत्रिमंडळातून बाजूला व्हावे इथपर्यंत गोष्ट आली होती, आणि त्याच विषयावर हे बोलणे चालले होते. संध्याकाळी प्रार्थनेनंतर नेहरूंशी बोलायचे ठरले होते. बोलणे लांबले, पाच वाजून गेले. वेळेच्या बाबतीत काटेकोर असलेला म्हातारा माणूस त्या दिवशी प्रार्थनेला उशिरा निघाला. मनू आणि आभा या दोन मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून हिरवळ ओलांडताना, पाच वाजून सतरा मिनिटांनी, अगदी जवळून त्यांच्यावर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. दहाच दिवसांपूर्वी, २० जानेवारीला, त्याच आवारात बाँब फुटला होता. तो लावणारा मदनलाल पाहवा पकडला गेला होता. तरीही पिस्तूल तिथवर पोचले.

पटेल नुकतेच घरी पोचले होते. ते लगेच उलटपावली आले. मग नेहरू आले. पार्थिवाशेजारी गुडघे टेकून ते लहान मुलासारखे रडले, असे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. वय अठ्ठावन्न, पंतप्रधान होऊन साडेपाच महिने झालेले. चौदा ऑगस्टच्या मध्यरात्रीचे त्यांचे भाषण विचारपूर्वक लिहून काढलेले होते. आज लिहायला वेळ नव्हता आणि मन तर नव्हतेच.

बाहेर गर्दी वाढत होती, आणि तिच्यात एकच प्रश्न फिरत होता: कोणी मारले? आज आपल्याला हा प्रश्न पोलिसांचा वाटतो. त्या संध्याकाळी तो लाखो जिवांचा होता. फाळणीचे रक्त वाळले नव्हते. दिल्ली निर्वासितांनी भरलेली होती. पुराना किल्ल्यात आणि हुमायूनच्या कबरीजवळ जीव मुठीत धरून राहिलेल्या मुसलमानांच्या आठवणी फक्त चार-पाच महिन्यांच्या होत्या. हिंदू-मुसलमानांतली ही हिंसा थांबावी म्हणूनच गांधीजींनी १३ जानेवारीला उपवास धरला होता आणि १८ तारखेला सोडला होता. मारेकरी मुसलमान निघता तर त्या रात्री देशभर काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही. गव्हर्नर-जनरल माउंटबॅटन बिर्ला हाउसला पोचले तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडले की हे मुसलमानाचे काम आहे. माउंटबॅटन तिथल्या तिथे उलटून म्हणाले की मारेकरी हिंदू आहे. त्या क्षणी खुद्द त्यांनाही ते नक्की ठाऊक नव्हते, असे सांगतात. सहाच्या सुमाराला रेडिओवरून जी बातमी गेली तिच्यात मारेकऱ्याचा धर्म स्पष्ट सांगण्याची खबरदारी घेतली गेली होती. सांत्वनाच्या आधी देशाला सत्य सांगितले गेले. नाहीतर पुढच्या भाषणाला ऐकणारे कान उरलेच नसते.

आतल्या खोलीत आणखी एक गोष्ट घडली. माउंटबॅटन यांचे प्रसिद्धी अधिकारी ॲलन कॅम्पबेल-जॉन्सन यांनी ती नोंदवून ठेवली आहे. माउंटबॅटन यांनी नेहरू आणि पटेल यांना जवळ घेऊन सांगितले की आपल्याशी झालेल्या शेवटच्या भेटीत गांधीजींनी एकच इच्छा बोलून दाखवली होती: तुम्ही दोघांनी एकत्र राहावे. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. तासाभरापूर्वीपर्यंत जे भांडण देशाच्या भवितव्याचे वाटत होते, ते त्या चादरीशेजारी लहान झाले.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार त्याच दिवशी गांधीजींना भेटून गेला होता. बातमी कळताच तो परत धावला. त्या रात्रीचे त्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. बिर्ला हाउसच्या फाटकावर नेहरू उंच उभे आहेत, वर एक दिवा आहे, खाली अंधारात डोकी आहेत, आणि नेहरू सांगताहेत की बापू गेले. चित्र थोडे हललेले आहे. ते तसेच असायला हवे होते असे वाटते.

आणि मग रेडिओ. हातात कागद नसताना केलेले हे भाषण. इंग्रजी ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते; मराठी वाचकाने ते एकदा तरी ऐकावे. आवाज जड आहे, वाक्ये मध्येच थांबतात. आरंभीच ते कबूल करतात की तुम्हाला काय सांगावे आणि कसे सांगावे हे मला कळत नाही. पुढारी ही कबुली सहसा देत नाहीत. आधार द्यायला आलेल्याने आपला हात थरथरतो आहे हे दाखवले, की घरातल्याला आपले रडणे परके वाटत नाही. नेहरूंनी देशाला हे पहिल्याच श्वासात दिले.

पण त्याहून विलक्षण आहे ती त्या भाषणाची चाल. ते एक वाक्य बोलतात आणि पुढच्याच वाक्यात ते दुरुस्त करतात. बापू आता नाहीत, असे म्हणतात. लगेच म्हणतात, असे म्हणणे बहुधा चुकीचे आहे, पण आपण त्यांना पूर्वीसारखे पाहू शकणार नाही, सल्ला विचारायला धावत जाऊ शकणार नाही. प्रकाश गेला म्हणतात. मग म्हणतात, मी चुकलो, कारण तो प्रकाश साधा नव्हता, हजार वर्षांनीही तो या देशात दिसेल. पुढे मारेकऱ्याला वेडा म्हणतात. आणि इथे ते थांबले असते तर ऐकणारे सगळेच सुटले असते, कारण वेड्याच्या कृत्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. पण ते थांबत नाहीत. वेडा खरा, तरी गेली काही वर्षे आणि काही महिने या देशात पुष्कळ विष पसरवले गेले आहे आणि त्याने माणसांची मने बिघडली आहेत, असे ते लगेच जोडतात. त्या विषाला सामोरे जायचे आहे आणि ते मुळासकट उपटायचे आहे.

तीनदा बोलले, तीनदा स्वतःला दुरुस्त केले. लिहून आणलेल्या भाषणात हे होत नाही. तिथे चूक आधीच खोडलेली असते. इथे एक माणूस देशासमोर मोठ्याने विचार करतो आहे, आणि प्रत्येक वेळी सोप्या उत्तरापासून अवघड उत्तराकडे सरकतो आहे. शोक करणाऱ्याचे मन असेच चालते. आधी सगळे संपले असे वाटते, मग काहीतरी उरले आहे हे हाताला लागते, मग हे झाले कशाने हा प्रश्न येतो. ऐकणाऱ्यांनी ही पायवाट त्यांच्याबरोबर चालून पाहिली, म्हणून ती त्यांची झाली.

त्यानंतरचे वाक्य माझ्या मते साऱ्या भाषणाचा कणा आहे. आता पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की राग आला म्हणून आपल्यापैकी कोणीही वेडेवाकडे वागण्याचे धाडस करू नये. आपण कुठे हिंसा केली, क्षुद्रपणे वागलो, तर त्यांच्या आत्म्याला त्याइतके दुःख कशाचेच होणार नाही. प्रकाशाच्या वाक्याइतके हे वाक्य गाजले नाही. महाराष्ट्रात तर ते फार गाजायला हवे होते. त्याकडे पुढे येतो.

मग ते मयताच्या घरातले काम सुरू होते. काही मित्रांची सूचना होती की देह औषधे लावून काही दिवस ठेवावा, म्हणजे लाखो लोकांना दर्शन घेता येईल. नेहरू सांगतात की बापूंना हे मुळीच मान्य नव्हते, त्यांनी तसे वारंवार सांगून ठेवले होते. म्हणून इतरांची कितीही इच्छा असली तरी आपण त्यांचेच ऐकायचे. उद्या, शनिवारी, साडेअकराच्या सुमाराला बिर्ला हाउसमधून निघायचे. यमुनेच्या काठी चारच्या सुमाराला दहन. रस्ता रेडिओवरून आणि वर्तमानपत्रांतून कळवला जाईल. बिर्ला हाउसवर फार गर्दी करू नका, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहा, शांत राहा. आणि जे दिल्लीत नाहीत त्यांनी काय करायचे? उद्याचा दिवस उपवास आणि प्रार्थना. चार वाजता, दहनाच्या वेळी, आपापल्या नदीवर किंवा समुद्रावर जायचे आणि तिथे प्रार्थना करायची.

मरणाच्या घरी चूल पेटत नाही, हे कोणाला शिकवावे लागत नाही. मर्तिकाला पाण्याकाठी जावे लागते, हेही नाही. नेहरू कर्मकांडात रमणारे नव्हते, तरी या घडीला त्यांनी देशाला जे दिले ते देशाच्या अंगात आधीच मुरलेले होते. मुंबईला समुद्र होता, पुण्याला मुळा-मुठा, नाशिकला गोदावरी, साताऱ्या-सांगलीला कृष्णा. दिल्लीपासून हजार मैलांवरच्या माणसालाही शनिवारी चार वाजता एक जागा मिळाली आणि एक काम मिळाले. अंत्ययात्रेला जाता न येण्याची खंत मोठी असते. ती त्यांनी ओळखली होती.

त्यांच्यानंतर पटेल बोलले, हिंदुस्थानीत. आत्ताच तुम्ही माझ्या प्रिय भावाचा, जवाहरलालांचा, निरोप ऐकलात, असा त्यांचा आरंभ होता. ज्यांनी दोघांच्या भांडणाच्या बातम्या वाचल्या होत्या त्यांना त्या 'भाऊ' शब्दाचे वजन कळले असेल. पटेलांची जीभ रेटत नव्हती, आणि तसे ते म्हणालेही. चार वाजता आपण त्यांच्याकडे गेलो होतो, तासभर बोललो, मग घड्याळ काढून ते म्हणाले की माझ्या प्रार्थनेची वेळ झाली, हेही त्यांनी सांगितले. आणि त्यांनी शोकाबरोबर शरमेचा शब्द वापरला. गृहमंत्री होते; दहा दिवसांपूर्वीच्या बाँबनंतरही त्यांना आपला गुरू वाचवता आला नव्हता. लोकांनी त्यांना पुढे याबद्दल बोलही लावले. ५ मार्चला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पटेल लोकांदेखत मोकळेपणी रडले नाहीत, आणि नेहरू रडले. कोणाचे दुःख खोल होते हे मोजू नये. पण रेडिओवर एकामागोमाग आलेल्या या दोन आवाजांनी सरकार दुभंगलेले नाही हे देशाला ऐकवले, आणि तो आधार शब्दांच्या अर्थापलीकडचा होता. ३ फेब्रुवारीला नेहरूंनी पटेलांना पत्र लिहिले की बापूंच्या जाण्याने सगळेच बदलले आहे, आणि पटेलांनी दोनच दिवसांनी तितक्याच आपुलकीने उत्तर दिले.

३१ तारखेची यात्रा सांगितल्याप्रमाणे निघाली. गांधीजींचे पुत्र रामदास नागपुराहून विमानाने येईपर्यंत सगळे थांबले होते. अग्नी रामदासांनीच दिला. लष्करी गाडीचे इंजिन बंद ठेवून ती भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या दोनशे जवानांनी दोरांनी ओढली. अहिंसेच्या उपासकाची यात्रा सैन्याने काढावी, हे तेव्हाही अनेकांना टोचले होते. लाखो माणसे रस्त्यावर होती, साडेपाच मैलांना जवळपास पाच तास लागले. रेडिओवर मेलव्हिल डिमेलो सुमारे सात तास बोलत होते. जे गेले नाहीत त्यांनी डिमेलोंच्या डोळ्यांनी यात्रा पाहिली. दुसऱ्या दिवशी सरोजिनी नायडू रेडिओवर बोलल्या, आणि त्यांनी नेहमीची मागणी उलटी केली: माझ्या गुरूच्या आत्म्याला शांती न मिळो, त्याने आम्हाला स्वस्थ बसू देऊ नये. प्रत्येकाने आपापल्या स्वभावाने सांत्वन केले. पण चार वाजता कुठे जायचे ते एकट्या नेहरूंनी सांगितले होते.

आता महाराष्ट्र. इथे मला हात आखडता घेता येत नाही.

मारेकरी पुण्याचा, मराठी, ब्राह्मण, एका मराठी दैनिकाचा संपादक. नथुराम गोडसे हे नाव कळले आणि महाराष्ट्राचा शोक वेगळ्या वाटेने गेला. देशाच्या इतर भागांत माणसे अनाथ झाली. इथे ती अनाथ झाली आणि आरोपीही. त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत मुंबई, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि विदर्भातल्याही गावांत ब्राह्मणांची घरे, दुकाने, छापखाने पेटवले गेले, माणसे मारली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. पुष्कळ गावांत माणसांना बाहेर काढून वाडे जाळले, आणि पिढ्यान्पिढ्या तिथे राहिलेली कुटुंबे शहराकडे गेली ती परतली नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी याच दिवसांवर आहे. जमीन, सावकारी, जातीचा जुना तोरा, त्याविरुद्धचा तितकाच जुना संताप, हे सगळे खरे होते आणि त्याची मुळे ३० जानेवारीच्या फार मागची होती. पण ज्या माणसाच्या नावाने मशाली पेटल्या तो माणूस त्याच महिन्यात दुसऱ्याच्या घरांना आगी लावू नका म्हणून उपाशी बसला होता.

राग आला म्हणून कोणी वेडेवाकडे वागू नये, हे वाक्य तेव्हा कुठे गेले? काही उत्तर साधे आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला रेडिओची सहा केंद्रे आली, त्यांतले मराठी मुलखाला जवळचे एक, मुंबईचे. पुण्याला केंद्र नव्हते, नागपूरला नव्हते. सबंध देशात रेडिओसंच पावणेतीन लाखांच्या आसपास. साताऱ्याच्या खेड्यात भाषण पोचले ते चावडीवर, एस.टी. नसलेल्या काळात, कोणाच्या तरी तोंडून, आणि मारेकऱ्याची जात त्याच्या आधी पोचली. पण सगळे खापर रेडिओवर फोडता येत नाही. मुंबईत संच होते, आणि मुंबईतही घरे जळली. भाषण शोकाला धीर देऊ शकते. शोकात जुना हिशेब मिसळला की ते दारापाशीच थांबते. नेहरूंनी सांगितलेले विष दोन्हीकडे होते: ज्यांनी पिस्तूल दिले त्यांच्यात, आणि ज्यांना पिस्तुलाचे निमित्त मिळाले त्यांच्यातही.

आपल्या भाषेतही त्याचा माग राहिला आहे. मराठीत या घटनेला अजून सर्रास 'गांधीवध' म्हटले जाते. वध कंसाचा होतो, रावणाचा होतो. पुष्कळ जण सवयीने म्हणतात, मनात काही नसते, हे मला माहीत आहे. तरी प्रार्थनेला निघालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला गोळ्या घातल्या, त्याला हत्याच म्हणावे.

महाराष्ट्राला उत्तर द्यायला कोणीच पुढे झाले नाही, असे मात्र नाही. साने गुरुजींनी फेब्रुवारीत एकवीस दिवसांचा उपवास केला. नऊ महिन्यांपूर्वी, मे १९४७ मध्ये, विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून ते पंढरपुरात उपाशी बसले होते; आता त्यांनी आपल्या मुलखाचे प्रायश्चित्त स्वतःच्या देहावर घेतले. खुनाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. रेडिओवरच्या शब्दांनी जे होत नव्हते ते त्यांनी पोटाने करून पाहिले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला फेब्रुवारीत रचनात्मक कार्यकर्त्यांची बैठक व्हायची होती आणि गांधीजी तिथे येणार होते. १९४६ च्या ऑगस्टमध्ये ते सेवाग्राम सोडून गेले होते, त्यानंतर येणे झाले नव्हते. बैठक मार्चमध्ये झाली, त्यांच्याशिवाय. नेहरू आले, राजेंद्रप्रसाद आले, मौलाना आझाद आले. सगळ्यांपुढे प्रश्न एकच होता: आता वाट कोणाला विचारायची? नेहरू तिथे धीर देणारे नव्हते, विचारणाऱ्यांतलेच एक होते. विनोबा बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी कोणाचे सांत्वन केले नाही. थोड्या संकोचाने ते म्हणाले की ज्याने हे केले त्याच्याच प्रांतातला मी आहे, त्याच्याच जातीत जन्मलो आहे. जात मी केव्हाच सोडली, पण हे मला विसरता येत नाही.